आठ हजार हर्ट्झच्या वरचं बोलणं : प्रकल्प नोंदी

३ जून

प्रश्न आधी नीट मांडून ठेवते. माणसाच्या बोलण्यातला ८,००० हर्ट्झच्या वरचा भाग मराठी समजायला मदत करतो का? करत असेल तर कोणत्या परिस्थितीत?

क्लिनिकमध्ये आपण जो ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढतो तो २५० हर्ट्झला सुरू होतो आणि ८,०००ला थांबतो. तरुण, निरोगी कान २०,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकतो. म्हणजे वरचं एक अख्खं सप्तक आणि त्याच्याही वरचा थोडा तुकडा आपण तपासतच नाही, आणि कागदावर ‘श्रवणक्षमता सामान्य’ लिहून सही करतो.

हे काम हाती घेण्याचं तातडीचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात आलेले एक गणिताचे शिक्षक. वय चाळिशीच्या पुढे. म्हणाले, “मॅडम, आवाज सगळा येतो हो. पण स्टाफरूममध्ये तिघं-चौघं एकदम बोलायला लागले की जो माझ्याशी बोलतोय त्याचंच निसटतं. मग मी नुसती मान डोलावतो.” ऑडिओग्राम सरळ, दोन्ही कानांचे सगळे उंबरठे (जेमतेम ऐकू येणारी सर्वांत हळू पातळी) २० डेसिबलच्या आत. नियमाप्रमाणे त्यांना काहीही झालेलं नाही. अशी माणसं वरचेवर येतात आणि ‘वयानुसार होतं’ एवढंच ऐकून परत जातात. मला ते पटत नाही. माणूस स्वतःहून दवाखान्यात येतो, पैसे भरतो, आपली अडचण इतक्या नेमकेपणाने सांगतो, तेव्हा त्या अडचणीला कुठेतरी जागा असणारच.

इतर शक्यताही डोळ्यांसमोर ठेवायच्या आहेत. २००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर उंबरठे पूर्ववत होतात, पण केसपेशी (कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी) आणि श्रवणमज्जातंतू यांच्यामधले सांधे कायमचे गळालेले असू शकतात. शिवाय लक्ष, थकवा, स्मरण हेही आहेच. हा प्रकल्प फक्त वरच्या पट्टीचा.

६ जून

साधनं. रोजच्या ऑडिओमेट्रीचे हेडफोन ८,०००च्या वर भरवशाचे नाहीत. उंच पट्टीसाठीचा वेगळा हेडफोन लागतो, आणि तो एका ओळखीच्या विभागाकडून ऑगस्टअखेरपर्यंत मिळाला आहे. कॅलिब्रेशन करून आलेला आहे. ८ ते १६ किलोहर्ट्झसाठी (एक किलोहर्ट्झ म्हणजे हजार हर्ट्झ) आंतरराष्ट्रीय संदर्भ-उंबरठे उपलब्ध आहेत, त्यामुळे ‘या पट्टीला मापच नाही’ ही सबब आता चालत नाही.

मोजणी अवघड आहे हे मात्र खरं. प्रौढाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब. १६ किलोहर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वादोन सेंटिमीटरच्याही आत. नळी आणि लाट एकाच मापाच्या झाल्या की लाटा नळीतच एकमेकींवर आदळतात, कुठे आवाज वाढतो, कुठे पडतो. हेडफोन कानावर जरासा सरकला तरी पडद्याशी पोचणारी पातळी बदलते. उपाय साधा आणि वेळखाऊ: हेडफोन काढायचा, पुन्हा बसवायचा, पुन्हा मोजायचं.

८,०००वर थांबण्याची सवय आली कुठून, ते शोधत बसले होते. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचा १९२२चा पहिला ऑडिओमीटर ३२ ते १६,३८४ हर्ट्झपर्यंत मोजत होता. तो अवाढव्य आणि महाग. त्याच्या मागोमाग आलेला सुटसुटीत यंत्राचा नमुना ६४ पासून ८,१९२पर्यंत, आणि चालला तो हाच. पुढे बोलण्याच्या सुगमतेचं, म्हणजे बोलणं किती कळतं याचं, जे गणित उभं राहिलं तेही टेलिफोनच्या गरजेतून. बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांच्या १९४७च्या मांडणीत बोलण्याचे २० पट्टे आहेत, २५० ते ७,००० हर्ट्झ. १९९७च्या अमेरिकन मानकातलं गणितही ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्याशी संपतं. म्हणजे वरच्या भागाचं महत्त्व शून्य आहे हे कोणी मोजून ठरवलं असं नाही. तो भाग हिशेबातच धरलेला नव्हता.

जुन्या पद्धतीच्या फोनची पट्टी तर आणखीच अरुंद, ३०० ते ३,४०० हर्ट्झ. त्यात बोलणं कळतं, म्हणून ‘बोलण्याला एवढंच पुरे’ हा समज पक्का झाला. पण “सहा की दहा?” आणि “आठ की साठ?” हे प्रश्न आपण सगळ्यांनी फोनवर विचारलेले आहेत. सहा आणि दहा यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. साठमधला स गळला की आठ उरतो. बँकेचा माणूस रक्कम दोनदा वदवून घेतो ते उगीच नाही.

११ जून

वाचन. आजचा पूर्ण दिवस यातच गेला, आणि सत्कारणी लागला.

वरच्या पट्टीबद्दलचा जुना आक्षेप असा की तिथे ऊर्जाच नसते. संख्येत ते बरोबर आहे. बोलण्याच्या एकूण ऊर्जेचा एक टक्काही ८ किलोहर्ट्झच्या वर सापडत नाही. पण कानाला ऊर्जेची बेरीज करायची नसते. त्याला हे कळायला लागतं की आत्ता, या क्षणी, त्या पट्टीत काही सुरू झालं आणि थांबलं. ब्रायन मॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मुद्द्यावर बरंच काम केलं आहे. खालचा सगळा भाग गाळून फक्त साधारण ५.७ किलोहर्ट्झच्या वरचा भाग ऐकवला तरी लोक स्वर-व्यंजनं ओळखण्यात निव्वळ अंदाजापेक्षा पुढे जातात, हे त्यांच्या गटाने २०१५मध्ये दाखवलं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो त्यांचा २०१९चा प्रयोग. गर्दीतल्या बोलण्यावरचे बहुतेक जुने प्रयोग असं धरून चालतात की सगळे बोलणारे ऐकणाऱ्याकडेच तोंड करून आहेत. खऱ्या गर्दीत असं कधी असतं? लग्नाच्या पंगतीत माझ्याशी बोलणारी व्यक्ती माझ्याकडे बघत असते, बाकीचे आपापल्या माणसांकडे. तोंडातून निघालेला खालच्या पट्टीचा आवाज डोक्याला वळसा घालून सगळीकडे पसरतो, उंच पट्टीचा आवाज मात्र तोंडाच्या दिशेने सरळ पुढे जातो. त्यामुळे माझ्यासमोरच्या माणसाचा उंच भाग माझ्यापर्यंत पोचतो आणि पाठमोऱ्या किंवा तिरक्या माणसांचा फारसा पोचत नाही. खाली गोंगाट, वर मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेत माझ्याशी बोलणाऱ्याचाच आवाज. मॉन्सन यांच्या प्रयोगात भोवतालच्या बोलणाऱ्यांची तोंडं वळवलेली होती, आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचा भाग शाबूत ठेवल्यावर लोकांना समोरच्याचं बोलणं अधिक चांगलं कळलं.

त्याच वर्षी लीना मोतलाघ-जादेह आणि सहकाऱ्यांचाही निबंध आला. गोंगाटात आकडे ओळखायची चाचणी. नेहमीचा ऑडिओग्राम सामान्य असलेली तरुण माणसं घेतली होती, तरी त्यांच्यातल्या पुष्कळांचे वरच्या पट्टीचे उंबरठे उतरलेले होते, आणि गोंगाटात ऐकायला त्रास होतो असं सांगण्याशी त्याचा संबंध दिसला.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवणं जरूर आहे. कॉक्लियाच्या (आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीच्या) अगदी तळाशी, दाराशीच, सर्वांत उंच स्वर टिपणाऱ्या केसपेशी असतात. झीज तिथून सुरू होते. म्हणजे एखाद्याचं १२ किलोहर्ट्झचं श्रवण गेलं असेल आणि त्याला गर्दीत कळत नसेल, तर कारण दोन असू शकतात. एक, ती माहितीच त्याला मिळत नाही. दोन, तळाशी झालेलं नुकसान खालच्या पट्टीपर्यंतही पसरलेलं आहे, ऑडिओग्राममध्ये अजून दिसत नाही इतकंच. रुग्णांची तुलना करून हे दोन वेगळे होत नाहीत. म्हणून माझा मार्ग हा: कान चांगले असलेली माणसं घ्यायची आणि आवाजातूनच वरचा भाग काढून घ्यायचा. मग फरक दिसला तर तो माहितीचाच.

१५ जून

रेकॉर्डिंग. पंखा बंद, खिडक्या बंद, गाद्या भिंतीला टेकवलेल्या. पाऊस अजून लागला नाही हे नशीब, पत्र्यावरचा पाऊस ८ किलोहर्ट्झच्या वर चांगलाच घुसतो. माइक तोंडासमोर सरळ, बाजूला नाही. बाजूला ठेवला की आपल्याला हवा तोच भाग कमी होतो. सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे दर सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने.

पहिला आवाज माझ्या सहकारी मैत्रिणीचा. तिने घरी मुलाला विचारतो तसं विचारलं, “जेवलास का?”

हे एक वाक्य मी दुपारभर प्रात या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये बघत होते. स्पेक्ट्रोग्रामची, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या पट्टीत किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या चित्राची, वरची मर्यादा मुद्दाम २० किलोहर्ट्झवर नेली. ‘जे’चा ज थोडक्यात उमटतो. मग स्वरांच्या आडव्या पट्ट्या, व, ल, सगळं खालच्या चार-पाच हजारांत. आणि मग अचानक खालचं सगळं पुसलं जातं आणि वर एक करडा ढग उभा राहतो. तो स. तिच्या आवाजात त्याचा गडद भाग सहा हजारांच्या वर सुरू होतो, आठ हजारांच्या रेषेपाशी थांबत नाही, पुढे बारा-तेरा हजारांपर्यंत ठळक आहे आणि मग विरळ होत जातो. त्यानंतर ‘का’च्या आधीची शांतता, आणि स्फोट.

त्या ढगात काय आहे? ‘जेवला का’ आणि ‘जेवलास का’ यांत फरक तेवढाच. पहिलं वाक्य तिसऱ्या कोणाबद्दल, दुसरं समोरच्या मुलाला. मराठीत आपण ‘तू’ बहुतेक वेळा गाळतो, त्यामुळे कोणाबद्दल बोलणं चाललंय ते सांगायची जबाबदारी शब्दाच्या शेवटच्या स वर येते: आलास, करतोस, सांगितलंस, विसरलीस. शेवटी येणारा, आघात नसलेला, हळू सुटणारा स.

इंग्रजीत अनेकवचनाच्या स वर पुष्कळ अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या ओमाहाच्या बॉइज टाउन रुग्णालयात पॅट्रिशिया स्टेलमाखोविच यांच्या गटाने २००१पासून पुढे दाखवलं की श्रवणयंत्राची वरची मर्यादा पाच-सहा किलोहर्ट्झवर संपते तेव्हा बाईच्या आवाजातला स लहान मुलांना पुरेसा मिळत नाही. पुरुषाच्या स चा शिखरभाग खाली असतो, बाईचा आणि मुलांचा वर. आपल्याकडे अनेकवचन स ने होत नाही, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा मराठीला लावता येणार नाही. आपल्याकडे स चं काम व्याकरणातला पुरुष (मी, तू, तो) दाखवायचं आहे, आणि माझ्या मते ते जास्त नाजूक काम आहे. ‘दोन’ म्हटलं की अनेकवचन कळतंच. ‘जेवलास’ला तसा आधार वाक्यात क्वचितच असतो.

बोलीभेद आहे, तो नोंदवते. बऱ्याच जणांच्या बोलण्यात हा स नसतोच. ‘तू आला का’ असंच म्हणतात. त्यांच्यासाठी चाचणीत ऐकवायच्या शब्दांची यादी वेगळी करावी लागेल.

१६ जून

फाइलींबद्दल. रेकॉर्डिंग कोणीही मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवू नये. पेन ड्राइव्हवरच द्यावं. दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये सगळ्यात आधी वरचाच भाग छाटला जातो, आणि ऐकताना कोणाच्या लक्षातही येत नाही. ब्लूटूथ हेडफोनही नकोत. माइक चालू असलेल्या कॉलच्या अवस्थेत बहुतेकांची पट्टी ८ किलोहर्ट्झच्या आतच राहते.

२२ जून

आज च आणि ज. मराठीत यांचे दोन उच्चार: चिमणीचा तालव्य च आणि चोराचा दंततालव्य च. चाकूचा आणि चाकाचा. ‘चिंच’ या एका शब्दात दोन्ही आहेत, आधी तालव्य, मग दंततालव्य. लिपीत फरक दिसत नाही, कानाला लख्ख दिसतो. लेखी एकसारख्या दिसणाऱ्या खऱ्या जोड्याही आहेत: चार हा आकडा आणि ‘गुराला गवत चार’मधलं चार, जग म्हणजे दुनिया आणि ‘शंभर वर्षं जग’.

हिंदी किंवा इंग्रजी यादी मराठी माणसावर वापरून चालत नाही ती यासाठीही.

स्पेक्ट्रोग्राममध्ये दंततालव्य च चा घर्षणाचा भाग स सारखा वर सरकलेला, तालव्य च चा श सारखा खाली, साधारण अडीच-तीन हजारांपासूनच सुरू. म्हणजे दोघांना वेगळं करणारी कड ऑडिओग्रामच्या हद्दीतच आहे. स आणि श चंही तेच: साल-शाल, सूर-शूर, कोस-कोश. शांत खोलीत या जोड्यांना आठ हजारांच्या वरच्या भागाची गरज पडू नये.

आणि व्याकरणही हात देतं. माझा-माझी, घराचा-घराची: व्यंजन बदलतं तसा स्वरही बदलतो, आणि स्वर मजबूत असतो. तेव्हा यादीत जोड्या निवडताना स्वराने गुपित फोडायला नको, ही अट घातली. यादी त्यामुळे बरीच आखूड झाली, पण जे उरलं ते खणखणीत आहे. सहा-दहा आणि आठ-साठ ठेवलेच.

२९ जून

गर्दी तयार करायचा दिवस. दोन बोलणारे, एक बाई, एक पुरुष. एकाने रेशन कार्डाच्या कामाबद्दल बोलायचं, दुसऱ्याने एसटीच्या प्रवासाबद्दल, न थांबता. दोनच जण, कारण दोघांचं बोलणं अर्धवट कळतं आणि खरा त्रास तिथेच होतो. दहा जणांचा नुसता कल्लोळ होतो. माइक जागेवरच ठेवून प्रत्येकाला दोनदा बोलायला लावलं, एकदा माइककडे तोंड करून आणि एकदा साठेक अंश वळून. जमिनीवर चिकटपट्टीने खुणा केल्या आणि समोरच्या भिंतीवर बघायला एक ठिपका दिला, नाहीतर माणूस बोलता बोलता आपोआप माइककडे वळतो.

दोन्ही रेकॉर्डिंग एकाखाली एक ठेवली. हजार हर्ट्झच्या खाली जवळजवळ सारखी. वर जावं तसा वळलेल्या आवाजाचा रंग फिका होत जातो आणि आठ-दहा हजारांच्या वर तर पांढुरकाच राहतो. वाचलेलं होतं, तरी स्वतःच्या खोलीत, ओळखीच्या आवाजात हे दिसलं तेव्हा दोघांनाही बोलावून दाखवलं. एसटीवाला म्हणाला, “ताई, म्हणजे मी तोंड वळवलं की माझा स तुमच्यापर्यंत येतच नाही?” पूर्ण जात नाही, वरची बाजू जाते. पण त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता.

४ जुलै

गाळणी. ८ किलोहर्ट्झला उभी कड असलेला लो-पास, म्हणजे फक्त त्याच्या खालचा आवाज जाऊ देणारी गाळणी, दोन्ही कानांना सारखाच. गाळलेल्या आणि न गाळलेल्या फाइलींची एकूण पातळी जुळवायची गरज जवळपास नाही, वर ऊर्जा इतकी थोडी असते.

शांततेत दोन्ही ऐकून बघितलं. गाळलेला आवाज थोडा बुजका, जवळीक कमी झाल्यासारखा. शब्द मात्र एकही जात नाही. टेलिफोनच्या काळातल्या इंजिनियरांनी शांततेतल्या सुगमतेवर बोट ठेवलं तेव्हा ते चुकले नव्हते. प्रश्न शांततेचा नाहीच.

दिशेचं एक उपअंग इथे येतं. आवाज पुढून की मागून, वरून की खालून, हे कळायला कानाच्या पाळीच्या घड्या काम करतात, आणि त्या काम करतात चार-पाच किलोहर्ट्झच्या वरच. व्हर्जिनिया बेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये दाखवलं होतं की बोलणं ८ किलोहर्ट्झला गाळलं की ते कुठून येतंय हे ओळखण्यात चुका वाढतात, विशेषतः वर-खालीच्या. माझ्या चाचणीत सगळं एकाच दिशेने येणार असल्याने हा फायदा धरला जाणार नाही. खऱ्या आयुष्यात तो वेगळा मिळतो.

१२ जुलै

ऐकणारे आले. सगळे कॉलेजवयीन, मराठी घरात वाढलेले. आधी १६ किलोहर्ट्झपर्यंतचे उंबरठे तपासले आणि ज्यांचे वर उतरलेले होते त्यांना वेगळ्या गटात ठेवलं. असे निघाले, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. प्रत्येकाला सांगितलं, कानात हेडफोन घालून आवाज पूर्ण वाढवायची सवय असेल तर आत्ताच मोडा.

थोड्या कानांवरचं हे काम आहे, त्यामुळे टक्केवारी लिहीत नाही. दिशा लिहिते.

शांततेत गाळलेलं आणि न गाळलेलं, दोन्ही सारखंच कळलं. दोन बोलणारे माइककडे तोंड करून असताना फरक अगदी किरकोळ, आज असा उद्या तसा. बोलणारे वळलेले असताना मात्र न गाळलेल्या यादीत चुका कमी झाल्या, आणि जवळजवळ सगळ्यांच्या झाल्या. मॉन्सन यांच्या निष्कर्षाशी हे जुळतं.

चुका कोणत्या, हे मला जास्त मोलाचं वाटतं. गाळल्यावर सर्वांत आधी शब्दाच्या शेवटचा स गेला. ‘विसरलीस’ला ‘विसरली’ लिहिलं, ‘आलास’ला ‘आला’. साठचा आठ झाला. सहाचा दहा मात्र फारसा झाला नाही. द चा स्वतःचा स्फोट आणि त्याआधीचा घोष (कंठातला नाद) खाली इतका स्पष्ट असतो की तो फसवत नाही. अरुंद पट्टीच्या फोनवर सहा-दहा चुकतं ते ३,४००च्या कडेमुळे, ८,०००च्या कडेचा त्यात हात दिसत नाही. चाक-चाकूसारख्या शब्दांत च क्वचित चुकला.

एक मुलगी म्हणाली, “शब्द कळले, पण कोणाकडे लक्ष द्यायचं ते दर वेळी शोधावं लागलं.” हे चाचणीत मोजलं जात नाही. पण मला वाटतं वरच्या भागाचं एक मोठं काम हेच असावं: कोणाचं ऐकायचं ते धरून ठेवणं. व्यंजन ओळखणं त्याच्या पुढचं.

१९ जुलै

मधेच एक बाजूचं काम आलं, पण ते याच विषयाचं आहे म्हणून इथे.

क्षयरोगाच्या औषधांवर असलेल्या एका पेशंटची ऐकण्याची तपासणी. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अ‍ॅमिकॅसिन ही इंजेक्शनं कॉक्लियाच्या केसपेशींना मारतात आणि सुरुवात तळापासून, म्हणजे उंच पट्टीपासून करतात. कर्करोगावरचं सिसप्लॅटिनही तसंच. म्हणून अशा पेशंटचं श्रवण १६ किलोहर्ट्झपर्यंत तपासत राहावं: वर घसरण दिसली की बोलण्याची मुख्य पट्टी अजून शाबूत असतानाच डॉक्टरांना सावध करता येतं, डोस किंवा औषध बदलण्याचा विचार करता येतो. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या उपचारातून कॅनामायसिन वगळण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८-१९मध्ये केली आणि तोंडाने घ्यायच्या औषधांना पुढे आणलं, ते फार चांगलं झालं. त्याआधी जगण्यासाठी कान गमावलेली माणसं आपल्या राज्यात कमी नाहीत.

या तपासणीला उंच पट्टीचा हेडफोन लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी तो सहज मिळत नाही. मोठ्या शहरातल्या संस्थेपर्यंत पोचेतो पेशंटचे महिने जातात. हे लिहिताना राग येतो, आणि तो लिहून ठेवते. मोठ्या रुग्णालयाच्या इतर खरेदीपुढे या उपकरणाची किंमत फार नाही.

२६ जुलै

गणिताच्या सरांना पुन्हा बोलावलं. उंच पट्टीचा ऑडिओग्राम काढला, हेडफोन दोनदा बसवून. ८ किलोहर्ट्झपर्यंत सरळ रेघ, दहाला उतार, साडेबाराला मोठी घसरण, सोळाला प्रतिसाद नाही. त्यांच्या वयाला सोळा जाणं सर्रास आढळतं. साडेबाराची घसरण मला जास्त वाटली.

आलेख त्यांच्यासमोर ठेवला. बराच वेळ त्यांनी तो बघितला आणि विचारलं, “म्हणजे माझं म्हणणं खरं होतं?” खरंच होतं. मी त्यांना हेही सांगितलं की हा आलेख त्यांच्या त्रासाचं संपूर्ण कारण आहे असं मी म्हणू शकत नाही. ११ जूनच्या नोंदीत लिहिलेलं दुहेरी कोडं त्यांच्या एकट्याच्या कानावरून सुटणार नाही. वळलेल्या गर्दीची यादी ऐकवली. गाळलेली आणि न गाळलेली, दोन्हींत त्यांचा निकाल जवळपास सारखाच आला. त्यांच्या कानापर्यंत वरचा भाग पोचतच नाही, तेव्हा तो काढला काय आणि ठेवला काय.

श्रवणयंत्र? आजची बहुतेक यंत्रं ८ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाहीत, आणि त्याच्या खाली सरांना गरज नाही. म्हणून सल्ला वेगळा दिला. स्टाफरूममध्ये भिंतीकडे पाठ करून बसा. ज्याच्याशी बोलायचं त्याला समोर घ्या, शेजारी नको. ओठ दिसले की स, श, फ वेगळे करायला डोळे मदत करतात. वर्गात मुलं उत्तर देताना चालत जवळ जा. वर्षाने पुन्हा तपासू. हे उपाय नवे नाहीत, पण आता त्यांना कारण कळलं आहे, आणि कारण कळलेला माणूस उपाय पाळतो.

घरी काय सांगू, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, एवढंच सांगा की दुसऱ्या खोलीतून, पाठ करून बोलू नका.

२ ऑगस्ट

हेडफोन या महिन्याअखेर परत द्यायचा आहे. उरलेल्या दिवसांत लहान मुलांची यादी.

प्रौढाला अर्धा शब्द निसटला तरी भाषा तो भरून काढते. ज्या मुलाची भाषा अजून घडतेय त्याच्याकडे भरायला काही नसतं. श्रवणयंत्र लावलेलं मूल ‘आलास’ मधला स कधी ऐकतच नसेल तर त्याला कसं कळावं की मराठीत असा प्रत्यय आहे? मग ते मूल बोलताना तो वापरत नाही, आणि आपण अहवालात ‘भाषाविकासात उशीर’ लिहितो. काही यंत्रांमध्ये उंच पट्टी खाली सरकवून देण्याची सोय असते. तिने स ऐकू येतो, पण स आणि श जवळ येतात. मराठी मुलाला ते कितपत परवडतं हे मराठी शब्दांवरच तपासावं लागेल.

यादीत फक्त क्रियापदं घेते: आला-आलास, आली-आलीस, करतो-करतोस, झोपला-झोपलास, पडली-पडलीस. प्रत्येक शब्द पूर्ण प्रश्नात, पुढे ‘का’ लावून, कारण घरात तो तसाच येतो. दोन चित्रं: एकात आई मुलाकडे बघून विचारते, दुसऱ्यात आई बाबांना मुलाबद्दल विचारते. मुलाने बोट ठेवायचं. ज्या घरात ‘तू आला का’ म्हणतात त्या घरातल्या मुलांना ही यादी द्यायची नाही. फॉर्म भरताना आईशी बोलून आधी ते विचारून घ्यायचं. आवाज बाईचाच. तीन आया रेकॉर्डिंगला तयार आहेत, त्यातली एक कोकणातली आणि एक सोलापूरची, म्हणजे स चे नमुनेही वेगवेगळे मिळतील. शनिवारी सकाळी पहिली येते.